पान सुटते, फुलोरा अडकतो

एकाच झाडाचे पान भांग ठरते, फुलोरा गांजा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने पान वगळले. फुलोरा मात्र किलोच्या आत सापडला तरी वर्षापर्यंत सक्तमजुरी, दंड किंवा दोन्ही. १८९४ साली इंग्रजांच्याच चौकशी आयोगाने सरसकट बंदी नको, कर व परवान्याने नियंत्रण ठेवा, असे सुचवले होते. कॅनडा २०१८ मध्ये त्याच वाटेने गेला: वयाची अट, वेष्टनावर इशारा. गांजा निरुपद्रवी नाही; कोवळ्या वयात तर नाहीच. पण व्यसन हा आजार असेल, तर उपचार डॉक्टरने करायचा की फौजदाराने? मी घरातला पहिला पदवीधर. वस्तीतल्या पोराच्या नावावर एक गुन्हा चढला, की त्याची पदवी नोकरीच्या दारातच अडते, हे मी जाणतो. म्हणून हा प्रश्न आपल्या चळवळीचाही आहे.