भूमिकाखेळातील वंश आणि वर्ग

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या फासे टाकून खेळायच्या भूमिकाखेळात पात्राला वंश, म्हणजे जन्माने लाभलेले गुण, आणि वर्ग, म्हणजे शिकून कमावलेले कसब, अशी दोन अंगे असतात. २०२४च्या नियमपुस्तकाने मात्र 'वंश' हा शब्द सोडून 'प्रजाती' हा शब्द स्वीकारला. नांदेड जिल्ह्यातील माहूरच्या रेणुकेचे रेणुराई आणि तुळजाभवानीचे कदमराई गोंधळी अशा खेळात आणायचे झाल्यास, देवतेशी असलेले नाते ही पात्राची पार्श्वभूमी ठरावी, तर संबळ वाजवणे, तुणतुण्यावर साथ धरणे व आख्यान लावणे ही कौशल्ये वर्गात मोडावीत, जेणेकरून संबळाच्या ठेक्याने सोबत्यांना लढताना बळ मिळेल. हे कसब जन्माशी बांधू नये. ते कोणत्याही कुळातील पात्राला शिकता येणे, हाच न्याय्य नियम होय.