तहान ओळखून पाणी
कुंडीतील झाडांचे सिंचन, मातीची निगा आणि घराचे आरोग्य

सज्जात चार कुंड्या आल्या, की सुरुवातीचे काही दिवस सारे घर त्यांच्याभोवती रमते. सकाळी आजोबा पाणी घालतात, संध्याकाळी शाळेतून आलेली मुले घालतात. तुळशीला तर स्नान आटोपून येणारा प्रत्येकजण श्रद्धेने तांब्या ओततो. काही आठवड्यांत पाने पिवळी पडतात, रोप मान टाकते आणि पाणी कमी पडले असावे, या समजुतीने आणखी पाणी घातले जाते. वस्तुतः कुंडीतील बरीचशी झाडे पाण्याच्या अभावाने नव्हे, अतिरेकाने दगावतात.

मुळांचा श्वास

मुळांनाही प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून तो त्यांना मिळतो. या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, तर मुळे गुदमरून कुजू लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही. त्यामुळे ओल्या मातीतही रोप तहानल्यासारखे दिसते. हे लक्षण फसवे आहे. जमिनीत जास्तीचे पाणी खोलवर निघून जाते. कुंडीत मात्र ते तळाशी साचते.

म्हणून पाणी घड्याळ पाहून नव्हे, माती पाहून घालावे. बोट दोन पेरांपर्यंत मातीत खुपसावे. आत ओल लागली, तर त्या दिवशी पाणी नको. कोरडे लागले, तर तळाच्या छिद्रातून पाणी बाहेर येईपर्यंत सावकाश घालावे. रोज थोडे थोडे शिंपडल्याने केवळ वरचा थर भिजतो आणि मुळे वरच घुटमळतात. सकाळची वेळ उत्तम. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने मातीच्या कुंडीतील ओल तिच्या भिंतींतून उडून जाते. प्लास्टिकच्या कुंडीत ती अधिक काळ टिकते. शेजारी ठेवलेल्या दोन कुंड्यांनाही एकच नियम लागू पडत नाही, तो यामुळे.

माती भुसभुशीत हवी

शेतात सोने पिकवणारी काळी माती कुंडीत एकटी वापरू नये. भिजली की ती फुगते, सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट अथवा जाडसर वाळू, हे मिश्रण बहुतेक झाडांना मानवते. कच्चे शेण मुळांना इजा करते. तळाच्या छिद्रावर एक खापरी पुरेशी आहे.

उन्हाळ्यात मातीवर वाळक्या पानांचा थर पसरावा. ओल टिकते आणि पाने कुजून खतही होते. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वापरल्यास मातीवर क्षारांचा पांढरा थर साठतो. तो खरवडून काढावा आणि अधूनमधून भरपूर पाणी घालून क्षार तळातून वाहून जाऊ द्यावेत. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी क्षारयुक्त असते. कुंड्यांना ते नित्य घालू नये. वर्षातून एकदा माती मोकळी करून तिच्यात नवे खत मिसळावे.

बशीतील धोका

कुंडीखालच्या बशीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. पण कुटुंबाच्या आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची जागा तीच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारापेक्षा घरातील स्वच्छ, साचलेले पाणी पसंत करतो आणि प्रामुख्याने दिवसा चावतो. आपल्याकडील उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण डास तयार होण्यास साधारणतः 7 ते 10 दिवस पुरतात. मादी पाण्याच्या रेषेलगत, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते. ती कोरड्या अवस्थेत अनेक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी मिळताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणूनच बशी नुसती ओतून भागत नाही. आठवड्यातून एक वार ठरवून ती घासून, पुसून कोरडी करावी. पावसाळ्यात तर बशा काढूनच ठेवाव्यात. मनीप्लांटच्या बाटल्या आणि पाण्याने भरलेल्या झाऱ्या यांनाही हाच नियम लावावा.

माती हाताळताना हातमोजे घालावेत, विशेषतः हातावर जखम असेल तर. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत आणि धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. पाणी घालण्याचे काम घरातील एकाच व्यक्तीकडे सोपवावे. मुलांकडे द्यायचे असेल, तर त्यांच्या हाती झारी देण्याआधी मातीत बोट घालून ओल ओळखायला शिकवावे. समोरच्याची गरज जाणून मगच देण्याची ही सवय त्यांना बागेबाहेरही उपयोगी पडेल.