एका कामाला तीन कारभारी

जांब समर्थच्या पारावर हातोहाती दिसणारा अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. या गाभ्यात मेमरीचे छोटे तुकडे वाटायला वर्षानुवर्षे तीन यंत्रणा होत्या: स्लॅब, स्लॉब आणि स्लब. काम एकच, पण प्रत्येक सुधारणा तिन्हींशी जुळवावी लागे. कमी वापरातल्या कोडमध्ये चुका दडून राहत. (एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी घेणारा रुग्ण आठवावा!) मेमरीतली चूक म्हणजे फोन बंद पडणे, नाहीतर माहितीचोराला उघडे दार. २०२३ मध्ये ६.४ आवृत्तीतून स्लॉब काढला. स्लॅबवर मात्र कुणी अजून विसंबून असेल, म्हणून ६.५ मध्ये त्याला आधी ‘कालबाह्य’ शेरा दिला. हरकतींना वेळ मिळाला. २०२४ मध्ये ६.८ मधून तोही गेला. आता वाटपाला एकटा स्लब.