कुलाब्याची वही, उपनगरांचा पाऊस

रोज सकाळी साडेआठला मुंबईचा पाऊस दोन ठिकाणी मोजला जातो, कुलाब्यात आणि सांताक्रूझला. बातम्यांत दोन्ही आकडे लागोपाठ सांगतात. उपनगरातला माणूस पहिला आकडा कानाआड करतो. आपला पाऊस सांताक्रूझचा, हे त्याला लहानपणापासून माहीत असते. नीट पाहिले तर बोरिवली-मुलुंडचा पाऊस सांताक्रूझचाही नव्हे. बोरिवली आणि मुलुंडच्या मधोमध राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर उभा आहे आणि त्याचे स्वतःचे गणित आहे. अंधेरीत रिपरिप चालू असताना विहार तलावावर आभाळ फाटलेले असू शकते.

विषय हवामानबदलाचा असला तरी मला आधी मोजमापाबद्दल बोलायचे आहे. उपनगरांच्या पावसाचा हिशेब फार काळ दुसऱ्याच्या वहीत मांडला गेला, आणि त्याची किंमत आपण आजही भरतो आहोत.

राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरावरच्या पावसाचा सर्वांत जुना हिशेब कातळात कोरलेला आहे. कान्हेरीची लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदायला घेतली आणि पुढे हजारएक वर्षे तिथे भिक्षूंची वस्ती राहिली. शंभराहून अधिक लेणी, आणि त्यांच्या दाराशी पाण्याची टाकी. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या लोकांनी पोढ्या दान दिल्याचे लेख तिथे आहेत. माथ्यावरचे पाणी कातळातल्या पन्हळींतून उतरते आणि टाक्यांत साठते. चार महिने कोसळायचे आणि आठ महिने तोंड दाखवायचे नाही, हा इथल्या पावसाचा स्वभाव त्या खोदणाऱ्यांना पुरता ठाऊक होता. पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार, हे ठरवल्याशिवाय त्यांनी छिन्नी लावलेली दिसत नाही.

आकड्यांतला पाऊस मात्र कुलाब्यापासून सुरू होतो. ईस्ट इंडिया कंपनीने तिथे 1826 साली वेधशाळा उभारली. 1841 पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जाऊ लागल्या आणि 1847 पासून पावसाच्या. पुढे शहरात विजेची ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय उपकरणांना तिचा त्रास होईल म्हणून ते काम 1904 मध्ये अलिबागला हलवण्यात आले. पर्जन्यमापक मात्र कुलाब्यातच राहिला. पावणेदोनशे वर्षांची ती नोंद हे एक वैभवच आहे, यात शंका नाही.

पण ते वैभव मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाचे आहे. साष्टी बेटावरची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही गावे तेव्हा मुंबईत धरलीच जात नव्हती. उपनगर जिल्हा झाला 1920 साली. महापालिकेची हद्द 1950 आणि 1957 अशा दोन टप्प्यांत मुलुंड-दहिसरपर्यंत पोचली. सांताक्रूझची वेधशाळा विमानतळाजवळची. तिची सलग नोंद विसाव्या शतकाच्या मध्यापासूनची, म्हणजे कुलाब्याहून शंभरेक वर्षांनी धाकटी.

शहराने उपनगरांकडून पाणी मात्र आधीच घेतले होते. मिठी नदीच्या खोऱ्यात बांध घालून विहार तलाव 1860 मध्ये सुरू झाला, मुंबईला नळाचे पाणी मिळाले ते तिथून. मागोमाग 1879 मध्ये तुळशी आला, आणि 1890 च्या सुमारास पवई. डोंगरावर पाऊस भरपूर पडतो, हे तलाव बांधणाऱ्यांना कळले होते. तोच पाऊस कधी तरी उताराने खालीही येईल, याचा विचार नंतरच्यांनी केला नाही.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या, त्याही पडलेल्या पाण्यातले निम्मे जमिनीत मुरेल असे धरून. त्या काळी ते धरणे चूक नव्हते. भातखाचरे होती, खाजणे होती, मिठागरे होती, खाडीकाठी तिवरांची रांग होती. पुढे यांतले एकेक भरावाखाली गेले आणि मुरायचे ते निम्मे पाणी रस्त्यावर आले. 1993 च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने सांगितले की ताशी 50 मिलिमीटर धरा आणि मुरण्याचा हिशेब सोडून द्या. अहवाल आला, कपाटात गेला.

तो बाहेर निघाला 26 जुलै 2005 नंतर. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944.2 मिलिमीटर पाऊस झाला, विहार तलावापाशी हजाराच्या वर. कुलाब्यात 73.4. दोन वेधशाळांमधले अंतर वीस-बावीस किलोमीटर, आणि पाऊस बारा पटींहून अधिक. कुलाब्यात बसलेल्या माणसाला तो जुलैतला एक साधा पावसाळी दिवस वाटला असेल. सांताक्रूझला भर दुपारी एका तासात 190 मिलिमीटरच्या आसपास पडला, म्हणजे जुन्या वाहिन्यांच्या क्षमतेच्या सातपटीहून जास्त. त्या चोवीस तासांतला सांताक्रूझचा पाऊस चार चौरस किलोमीटरांवर पडला असे धरले तर साधारण 378 कोटी लिटर पाणी होते. जवळजवळ तेवढेच पाणी आजची महापालिका अख्ख्या मुंबईला दिवसभरात पुरवते. त्यात समुद्राला मोठी भरती. विहार-पवईचे पाणी घेऊन निघालेली मिठी विमानतळाच्या धावपट्टीला वळसे घालत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भरावाशेजारून माहीमच्या खाडीला जाते. त्या दिवशी तिला जायला जागाच नव्हती. शहर-उपनगरांत चारशेहून अधिक माणसे गेली. साकीनाक्याला दरड कोसळली. घाटकोपरच्या आझादनगराने हे पाच वर्षांपूर्वी, 12 जुलै 2000 ला, भोगले होते. तेव्हाही डोंगराच्या उतारावरच्या झोपड्याच गाडल्या गेल्या.

माधवराव चितळे यांच्या समितीने या सगळ्याची छाननी केली. ब्रिमस्टोवॅडमधली बहुतेक उदंचन (पाणी उपसण्याची) केंद्रे मार्गी लागली. अंधेरीच्या भुयारी मार्गाला ज्या मोगरा नाल्याचे पाणी बुडवते, तिथले केंद्र मात्र वर्षानुवर्षे रखडले. अंधेरीकर आजही जोराची सर आली की आधी सबवे सुरू आहे का ते विचारतो, मग घड्याळ पाहतो.

आता प्रश्न असा की यातला नेहमीचा चढउतार कोणता आणि बदल कोणता. इथे घाई करून चालत नाही. सांताक्रूझचा उष्म्याचा उच्चांक, 42.2 अंश, 14 एप्रिल 1952 चा आहे, आणि थंडीचा नीचांक, 7.4 अंश, 22 जानेवारी 1962 चा. दोन्ही आपल्या आजोबांच्या काळातले. मार्च-एप्रिलमधल्या अशा काहिलीचे कारण बहुधा वाऱ्यात सापडते. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे उशिरा सुटले आणि जमिनीवरचे पूर्वेचे वारे टिकून राहिले, की पारा चढतो. हे पूर्वीही होत होते. बदल दिसतो तो सरासरीत. मुंबईच्या 2022 च्या हवामान कृती आराखड्यात 1973 ते 2020 या काळासाठी दर दशकाला पाव अंश वाढ दाखवली आहे. पाव अंशाने घाम येत नाही. पण तो दर दशकाला साचत जातो, आणि काँक्रीटने दिवसभर पिऊन ठेवलेली उष्णता चाळीतल्या पत्र्याखाली रात्री झोपणाऱ्याला वेगळी जाणवते.

पावसाच्या तारखांचेही तसेच. मिरग लागला की पाऊस, हे आपले पंचांग. हवामान खात्याने 2020 मध्ये मुंबईत मोसमी पाऊस येण्याची तारीख 10 वरून 11 जून केली, आणि परतीची 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबर. येणे एका दिवसाने ढळले, जाणे नवाने. ही झाली सरासरी. प्रत्यक्षात 2023 मध्ये पाऊस 25 जूनला आला, मुंबई आणि दिल्लीत एकाच दिवशी. असे त्याआधी 1961 मध्ये घडले होते. 2025 मध्ये तो 26 मे रोजीच हजर! नालेसफाई आटोपायची होती, छत्र्या माळ्यावर होत्या. त्या महिन्यात कुलाब्याने 1918 च्या मे महिन्याचा विक्रम मोडला.

यामागे अरबी समुद्र आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवले की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यातल्या व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या; तापलेल्या समुद्रावरून येणारे वारे लहरी झाले आहेत आणि मधूनच बाष्पाचा लोंढा आणतात. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. एकूण पाऊस तेवढाच राहिला तरी तो थोड्या तासांत उरकला जातो, आणि आपले नाले ताशी मोजमापावर चालतात. 17 मे 2021 ला ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा सांताक्रूझला ऐन उन्हाळ्यात एका दिवसात 230 मिलिमीटर पाऊस झाला. (1882 च्या चक्रीवादळात मुंबईत लाखभर माणसे मेल्याची कथा अनेक याद्यांत सापडते. तिला समकालीन पुरावा नाही. भीती घालायला खोट्या वादळाची गरज नाही.)

तसेच सगळे खापर हवामानावर फोडणेही बरे नव्हे. 13 मे 2024 ला घाटकोपरला वळवाच्या वावटळीत जाहिरातीचा फलक कोसळून 17 जण गेले. परवानगीची मर्यादा 40 बाय 40 फुटांची, फलक 120 बाय 120 चा. तिथे वाऱ्याने फक्त निमित्त पुरवले.

पुढचे काय? निकोला रेंजर आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मुंबईच्या पुराचा अभ्यास मांडला. 2080 च्या दशकापर्यंत 2005 सारख्या दिवसाची शक्यता दुपटीहून अधिक होऊ शकते, असे त्यात आहे. उत्तर हिंदी महासागराची पातळी 1993 ते 2017 या काळात वर्षाला 3.3 मिलिमीटरने वाढली, हे केंद्राच्या 2020 च्या अहवालात आहे. पातळी वाढली की भरतीच्या वेळी नाल्यांची तोंडे अधिक काळ बंद ठेवावी लागतात. तेव्हा बोरिवलीत, पोयसर आणि दहिसर नद्यांकाठी आणि गोराई-मनोरीच्या खाडीकाठी प्रश्न असतो तो उंचीच्या काही इंचांचा.

मोजमाप मात्र सुधारले आहे. अंधेरीत वेरावलीच्या टेकडीवर जानेवारी 2022 पासून दुसरे डॉप्लर रडार फिरते आहे. महापालिका रोजचा पाऊस शहर, पूर्व उपनगरे, पश्चिम उपनगरे असा तीन ओळींत देते. 2005 च्या धक्क्यानंतर, 2006 मध्ये, शहरभर 35 स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले गेले. त्यांतले अनेक अग्निशमन केंद्रांत आहेत आणि दर पंधरा मिनिटांनी नोंद करतात. एखाद्या ठिकाणच्या हवामानाची सरासरी काढायला शास्त्रात तीस वर्षांची नोंद धरतात. त्या जाळ्यातली पहिली तीस वर्षे 2036 साली भरतील.