फवारणीचा सदरा वेगळा धुवा

बायांनो, कपाशीवर फवारायच्या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो, घोळ तिथूनच सुरू होतो. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या साली कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती, फवारा थेट तोंडावर येत होता. शिवाय विष काही फक्त पोटातूनच जात नाही. ओल्या कपड्यातून, कातडीतूनही भिनतं.

मास्क लावा, हातमोजे घाला, हे पुरुषांना सांगून झालं. पण पंपासाठी पाणी कोण वाहतं? संध्याकाळी तो सदरा कोण धुतं? आपणच. म्हणून आम्ही सांगतो, तो लेकरांच्या कपड्यांत भिजवू नका. वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, साबणाने धुवा. ते पाणी विहिरीजवळ, हातपंपाजवळ सांडू नका. घरधन्याने आधी आंघोळ करावी, मग लेकरू कडेवर घ्यावं. आणि रिकामा डबा कितीही मजबूत असू द्या, त्यात तेल-मीठ भरायचं नाही. इथे आपली काटकसर नडते.

डब्यावरचा त्रिकोण बघा : लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवाही विषच.

फवारताना किंवा नंतर घाम सुटला, मळमळलं, डोळ्यांपुढे धूसर झालं, तर ‘ऊन लागलं’ म्हणून निजवून ठेवू नका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, उलटी करवू नका, १०८ ला फोन लावा. डबा सोबत न्या. कोणतं विष ते कळलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो.