मोटारीची झिलई

गडचिरोली जिल्ह्यांतील मुलचेरा तालुक्यांत फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत पळस फुलतो आणि मोहाचीं फुलें पहांटे टपटप गळूं लागतात. अशा एखाद्या मोहाखालीं रात्रभर उभी केलेली मोटार सकाळीं पाहावी, तर तिचा टप चिकट झालेला असतो. फुलांतील साखर, पानांवरच्या बारीक किड्यांनीं टाकलेला गोड रस, पांखरांची शीट आणि या सर्वांवर बसलेला रस्त्याच्या धुळीचा थर! मालकास हें पाहवत नाहीं. तो हाताशीं असलेलें फडकें ओलें करतो आणि मोठ्या ममतेनें गाडी पुसूं लागतो. मोटारीच्या झिलईचें खरें नुकसान बहुधा याच क्षणीं सुरू होतें. झाडानें व पांखरानें केलेलें नुकसान त्यामानानें थोडें असतें.

रंग उडाला, असें लोक म्हणतात, तेव्हां पुष्कळदां रंग जागच्या जागीं असतो. बिघडलेली असते ती त्याच्या पृष्ठभागाची सपाटी. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एकाच दिशेनें परततो व डोळ्यांस चकाकी दिसते. खडबडीत पृष्ठभागावरून तो दाही दिशांस विखुरतो व तोच रंग मंद, पांढुरका भासतो. याचा पडताळा स्वयंपाकघरांतच घेतां येतो. रोज घासलें जाणारें स्टीलचें ताट विजेच्या दिव्याखालीं धरावें. दिव्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं वर्तुळें दिसतात, आणि ताट हलविलें कीं तीं वर्तुळेंहि दिव्याबरोबर सरकतात. वस्तुतः ओरखडे उभे, आडवे, तिरपे सर्व दिशांस गेलेले असतात. परंतु प्रकाशाला जे आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्यांस वर्तुळाचा भास होतो. गडद रंगाच्या मोटारीवर उन्हांत जें जाळें दिसतें तें हेंच. धुळींतील वाळू बहुतांशीं गारेची असते, आणि गार ही साध्या चाकूच्या पोलादाहूनहि कठीण. त्यांत एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडच्या खाणीचें लोहखनिज वाहणाऱ्या मालमोटारी आष्टी-आलापल्ली रस्त्यानें जातात. त्यांची तांबडी धूळहि मऊ नव्हे. असे कण फडक्याखालीं सांपडले कीं फडकें आणि कानस यांत फारसा भेद उरत नाहीं.

झिलई परत आणणें म्हणजे तिच्यावर कांहीं तरी चढविणें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. मेण चढवितां येतें, तेल चढवितां येतें; कित्येक चालक गाडी घासलेटानें पुसतात व ती तासभर नवी दिसते. तेल ओरखड्यांच्या चरांत भरतें, म्हणून प्रकाश तात्पुरता सरळ परततो. मग त्याच तेलाला दुप्पट धूळ चिकटते. ओरखडा खरोखर नाहींसा करावयाचा तर त्याच्या भोंवतालचा उंचवटा त्याच्या तळाइतका खालीं आणावा लागतो. म्हणजे चकाकी मिळते ती थर झिजवून, आणि थर किती शिल्लक आहे यावर पुढचें सारें अवलंबून राहतें.

या थराचा इतिहास पाहतां मुलचेऱ्याच्या अरण्याकडेच वळावें लागतें. पळस, बोर, कुसुम यांच्या कोंवळ्या फांद्यांवर पोसणारा एक सूक्ष्म किडा आपल्या अंगाभोंवतीं राळेचें कवच निर्माण करतो, तीच लाख. गडचिरोली-गोंदियाकडील वनवासी लोक ती फांद्यांवरून खरवडून विकतात. ती शुद्ध करून तिचा चपडा होतो, आणि चपडा स्पिरिटांत विरघळवून सुतार कापडाच्या बोळ्यानें लाकडावर जें चढवितो तें फ्रेंच पॉलिश. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांतहि हीच लाख असे. तिचा अभ्यास करणारी संस्था रांचीजवळ नामकूम येथें १९२४ सालीं निघाली. लाखेच्या झिलईचा एक मोठा गुण असा कीं, ती ज्या द्रवांत विरघळून चढली त्याच द्रवांत पुन्हां विरघळते. कपाटावर चरा पडला तर कारागीर स्पिरिटाचा बोळा फिरवितो, जुना थर किंचित् सैल होतो आणि नवा त्यांत मिसळून एकजीव होतो.

मोटारींच्या पत्र्यावर प्रारंभीं घोड्यांच्या बग्ग्यांप्रमाणें तेलाचें वार्निश कुंचल्यानें देत. एकेक थर वाळवावा, दगडाच्या भुकटीनें घासावा, मग दुसरा द्यावा, असें करतां करतां आठवडे लोटत. १९२३ सालीं अमेरिकेंत जनरल मोटर्स कंपनीनें आपल्या ओकलंड गाड्यांवर डुको नांवाचा ड्यू पाँटचा नवा रंग वापरून दाखविला. कापसासारख्या तंतूंवर नत्राम्लाची क्रिया करून तयार केलेला हा सेल्युलोज रंग फवाऱ्यानें उडवितां येई व फार थोड्या वेळांत वाळे. पुढें तो जगभर पसरला. १९४५ ते १९४९ या काळांत इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें तयार झालेल्या एम. जी. टी. सी. या दोन आसनांच्या चपळ क्रीडा-मोटारीहि अशाच रंगानें रंगविलेल्या असत.

सेल्युलोज रंगाचा स्वभाव लाखेचाच. उन्हानें त्याचा पृष्ठभाग खडूसारखा होतो. त्यावर पॉलिश लावलेलें फडकें फिरवावें तर फडक्याला गाडीचाच रंग लागतो, आणि पहिल्यानें घासणारा घाबरून हात आंखडतो. घाबरण्याचें कारण नसतें. मेलेला थर निघून खालचा जिवंत रंग वर येत असतो. थर फारच विरळ झाला तर थिनरनें जुना थर सैल होऊन नवा त्यांत मिसळतो. गुळाची ढेप फुटली तरी वितळवून पुन्हां ढेप करतां येते, तसाच हा प्रकार.

आजच्या मोटारीची झिलई मात्र ढेपेसारखी नसून विटेसारखी असते. खालीं रंगाचा पातळ थर आणि त्यावर बिनरंगी पारदर्शक थर, अशी तिची रचना. वरचा थर दोन द्रव्यांच्या संयोगानें किंवा उष्णतेनें घट्ट होतो, आणि एकदां घट्ट झाल्यावर थिनरनें तो पूर्ववत् होत नाहीं. भाजलेल्या विटेची पुन्हां माती होत नाहीं, त्याप्रमाणें. ऊन, पाऊस, पेट्रोल यांस तो सेल्युलोजपेक्षां कितीतरी अधिक दाद देत नाहीं. पण त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे ४० ते ५० सहस्रांश; बहुतेक माणसांचा केस याहून जाड असतो. पितळी पातेल्याची कल्हई राखेनें खसाखसा घासली म्हणजे पातेलें चकचकतें खरें, परंतु एके दिवशीं आंतील पितळ उघडें पडतें. पारदर्शक थराची गत तीच, आणि येथें कल्हईवाला दारावर येत नाहीं. थर संपला कीं संपूर्ण पत्रा घासून नव्यानें रंगवावा लागतो. शिवाय उन्हांतील अतिनील किरण शोषणारीं द्रव्यें याच थरांत असतात. तो विरळ झाला कीं खालचा रंग उन्हाच्या तावडींत सांपडतो.

म्हणून जाणता कारागीर आधीं मोजतो आणि मग घासतो. थर मोजण्याचें लहान यंत्र पोलादी पत्र्यावर ठेवलें कीं रंगाची एकूण जाडी सांगतें. मूळ कारखान्यांतील रंग बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एका जागीं तो आंकडा एकदम फार वाढला तर तेथें पूर्वीं लांबी भरून दुरुस्ती झालेली आहे असें समजावें. सॅन स्टॉर्म या भारतीय दोन आसनी मोटारीसारखें फायबरग्लासचें अंग असेल तर साध्या यंत्राचा उपयोग होत नाहीं.

पुढचें काम धीराचें आहे. गाडी सावलींत थंड होऊं द्यावी. भरपूर पाण्यानें धूळ सोडवून मग टपापासून खालीं धुवावें. फडकें बुडविण्याची बादली वेगळी व खळाळण्याची वेगळी ठेवावी. धुऊनहि हातास खरखर लागली तर चिकणमातीसारखा एक मऊ गोळा साबणाच्या पाण्यासह फिरवितात. रुतलेले कण तो उचलून घेतो. त्यानंतर वीतभर जागेवर सर्वांत सौम्य पॉलिश अजमावून पाहावें. पॉलिशांत ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिसूक्ष्म पूड असते, आणि तेवढ्यानें काम भागलें तर तीव्र पॉलिशाला हात लावूं नये. यंत्रांतहि फरक आहे. नुसतें गरगर फिरणारें यंत्र झपाट्यानें कापतें व तितक्याच झपाट्यानें तापतें. डोलत फिरणारें यंत्र मंद, पण नवशिक्याच्या हातीं तेंच असावें. दाराच्या व बॉनेटच्या धारांवर कागदी पट्टी चिकटवावी, कारण रंग ओला असतांनाच धारेवरून ओसरतो व तेथें थर सर्वांत पातळ राहतो. खोल ओरखडा, ज्यांत नख अडकतें, तो समूळ काढण्याचा हट्ट धरूं नये; त्याच्या कडा गोल झाल्या तरी तो नजरेंत भरत नाहीं. शेवटीं मेण. ब्राझीलच्या एका ताडवृक्षाच्या पानांवरील कार्नोबा मेण यासाठीं नांवाजलेलें आहे.

नव्यानें रंगविणें हा उपाय ऐकावयास सोपा वाटतो, परंतु दोन द्रव्यांच्या रंगांतील घट्ट करणाऱ्या भागांत आयसोसायनेट असतात. त्याची फवाऱ्यांतून उडालेली वाफ व तुषार श्वासांत गेल्यास दमा जडतो, आणि तो जडल्यावर पुढें थोडक्या संपर्कानेंहि उसळतो. नाकास रुमाल बांधून रस्त्याकडेच्या गॅरेजांत फवारा मारणारा मुलगा या धोक्यांत रोज उभा असतो; त्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा हवा. गाडी फिरून रंगवून घेणाऱ्यानें भाव करतांना याची चौकशी करावी, एवढी तरी अपेक्षा गैर नाहीं.

जुन्या मोटारीच्या बाबतींत आणखी एक प्रश्न उभा राहतो. आजोबांची गाडी चाळीस वर्षें छपरीखालीं पडून होती, तिचा मूळ सेल्युलोज रंग अजून आहे, पण तडे गेले आहेत, काय करावें? पुष्कळ घरांत ती ताबडतोब आरशासारखी रंगवून घेण्याचा उत्साह संचारतो. कॅलिफोर्नियांतील पेबल बीचच्या सुप्रसिद्ध प्रदर्शनांत मात्र मूळ स्थितींत राखलेल्या मोटारींसाठीं वेगळा वर्ग ठेवलेला आहे, कारण रंग कितीहि वेळां देतां आला तरी कारखान्यानें दिलेला पहिला थर एकदांच असतो. तडे पॉलिशनें जात नाहींत, हेंहि खरें; परंतु हलक्या हातानें मेलेला पापुद्रा काढून मेण दिलें तर गाडीचें वय दिसतें आणि कळाहि दिसते. गंज आंत शिरला असेल तर मात्र पत्रा वांचविण्यासाठीं रंगाचा मोह सोडावा लागतो.

मुलचेऱ्याच्या त्या मोहाखालच्या मोटारीला एवढा खटाटोप लागत नाहीं. दुपारच्या उन्हांत रंग तापून मऊ होतो व फुगतो, संध्याकाळीं आकसतो, आणि तेवढ्यांत वर वाळलेली शीट आपला ठसा त्यांत उमटवून ठेवते. म्हणून ऊन चढण्यापूर्वीं ती काढावयाची. जुन्या सुती धोतराचा तुकडा पाण्यांत चिंब भिजवून डागावर नुसता पसरून ठेवावा. दहा मिनिटांत डाग सुटतो. मग तुकडा घासावयाचा नाहीं, दोन बोटांनीं वर उचलून घ्यावयाचा, आणि त्याच्या जागीं तांब्याभर स्वच्छ पाणी सोडावयाचें.