पहिल्या वीस फेऱ्यांचा कारभार

फिराक्सिसने २००१ साली तयार केलेल्या ‘सिव्हिलायझेशन ३’ या संगणकीय खेळात एकट्याने राज्य चालविणे निराळे आणि चार-पाच जणांनी तेच राज्य आळीपाळीने चालविणे निराळे. आपल्या वाट्याच्या फेऱ्या खेळून झाल्या की साठविलेली फाइल पुढच्याच्या स्वाधीन करावयाची आणि सोबत केलेल्या कारभाराचे टिपण जोडावयाचे, हा आम्हां मंडळींचा रिवाज. पहिल्या खेळाडूला मात्र वीस फेऱ्या मिळतात, कारण आरंभी करण्यासारखे फार थोडे असते, आणि जे असते त्यावरच पुढील सर्वांच्या कारभाराची भिस्त राहते.

ख्रिस्तपूर्व ४००० या वर्षी आपल्या पदरी वसाहतकारांची एक तुकडी आणि एक मजूर एवढाच सरंजाम असतो. राजधानी जागच्या जागी वसवावी की एक फेरी खर्चून नदीकाठी न्यावी, हा पहिला प्रश्न. नदीलगतच्या नगराला सहाच्या पुढे वस्ती वाढविण्यास जलवाहिनी बांधावी लागत नाही, शिवाय शेतीला पाणी हाताशी राहते. म्हणून एका फेरीचा तोटा मी खुशीने पत्करतो.

दुसरा प्रश्न मजुराचा, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. आरंभीच्या एकतंत्री राजवटीत एखाद्या चौकोनातून कोणतेही उत्पन्न दोहोंपेक्षा अधिक निघू लागले की त्यातून एक वजा होतो. साध्या कुरणाचे दोन धान्य पाटाच्या पाण्याने तीन झाले तरी हाती दोनच पडतात, आणि मजुराचे श्रम ती राजवट असेतो व्यर्थ जातात. उलट, जेथे गुरे चरत आहेत तेथे मुळातच चार धान्य असून कपातीनंतर तीन उरतात, आणि पाणी फिरताच पाचांचे चार मिळू लागतात. एकाच वस्तीच्या नगराने तो चौकोन कसला, तर वाढीस लागणारे वीस धान्य सात फेऱ्यांऐवजी पाच फेऱ्यांत जमते. नव्या वसाहतकारांच्या तुकडीमागे नगराची दोन वस्ती खर्ची पडत असल्यामुळे, दुसरे नगर केव्हा वसेल याचा निकाल पुष्कळसा या एका पाटावर लागतो.

हे सारे गणित पुढच्या खेळाडूला पटावर दिसत नाही; त्याला दिसतो तो केवळ कुरणात खपणारा मजूर. म्हणून टिपणात ‘गुरांच्या कुरणाला पाणी दिले’ एवढेच न लिहिता ते का दिले, त्यानंतर रस्ता कोठून न्यावयाचा आणि दुसरे नगर नदीच्या कोणत्या वळणावर योजले आहे, हेही नमूद करावे लागते. वाचून त्याने बेत फिरविला तरी त्याला तो अधिकार आहे, आणि कारणे ठाऊक असल्यामुळे तो समजून-उमजून फिरवील.

ख्रिस्तपूर्व ३००० उजाडते तेव्हा विसावी फेरी संपते. पहिली पाळी स्वीकारणाऱ्यास माझे सांगणे एवढेच, की फाइल सोपविण्यापूर्वी आपले टिपण पुढच्याच्या नजरेने एकवार वाचून पाहावे. त्यातून त्याला निर्णयांची कारणे कळत नसतील, तर आपली पाळी अद्याप पुरी झालेली नाही.